वाकडा माणूस आणि सरळ वाट

वाईट माणूस ओळखायचा कसा, हे लहान मुलांना कोण शिकवते? आईबाप सांगतात, मौलवीसाहेब सांगतात, आम्ही शिक्षक पाठ्यपुस्तकातून सांगतो. पण आमच्या सगळ्यांच्या आधी हे काम गोष्ट करते, आणि आज गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा पडद्यावरचे चित्र. चित्रपटातला दुष्ट माणूस पडद्यावर आला की पाच वर्षांचे मूलही त्याला ओळखते. त्याने अजून काही केलेले नसते, एक शब्दही उच्चारलेला नसतो. तरी मूल ओळखते. ते कशावरून ओळखते, आणि त्याला तसे ओळखायला शिकवणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य आहे, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न आमच्यापुढे कुठल्या ग्रंथातून आला नाही. इंग्रजी बालगीतांवर आधारलेल्या एका कार्टून चित्रपटातून आला.

‘बेब्ज इन टॉयलँड’ हा एम.जी.एम. कंपनीचा १९९७ सालचा अ‍ॅनिमेशनपट. गाणी, जादू, चालती-बोलती खेळणी असा सगळा थाट. त्यातली पात्रे ‘मदर गूज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजी बालगीतांतून उचललेली आहेत. कोकरूवाली मेरी आहे, पायपरचा मुलगा टॉम आहे, भिंतीवरून पडणारा हम्प्टी डम्प्टी आहे. पाणी आणायला टेकडी चढणारे जॅक आणि जिल इथे अनाथ भावंडे झाले आहेत आणि टॉयलँड नावाच्या गावी आपल्या काकांकडे राहायला येतात. गावात खेळण्यांचा कारखाना आहे. नाताळसाठी खेळण्यातल्या शिपायांची मोठी मागणी आलेली आहे, आणि काकांना तो कारखाना बुडवायचा आहे. त्यासाठी जंगलातल्या राक्षसी गॉब्लिनांची मदत घ्यायलाही ते कमी करत नाहीत. या काकांचे नाव बार्नाबी क्रूकेडमन. मराठीत सांगायचे तर बार्नाबी वाकडे. आपल्याकडे वाकडे आडनावाची कितीतरी भली माणसे आहेत आणि आडनावावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज कोणी बांधत नाही. चित्रपटात मात्र आडनाव हाच स्वभाव ठरला आहे.

उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी बालगीते पाठ असतात, समजलेली नसतात. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि इंग्रजी गाणे म्हणजे ताल धरून म्हणायचे काही आवाज. ही माणसे एकदा डोळ्यांनी दिसली तर गाण्यांना अर्थ येईल, अशा हेतूने आम्ही सहावीच्या वर्गाला हा चित्रपट दाखवला. मुले रंगून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिला, “बार्नाबी बुरा क्यों है?” बहुतेकांची उत्तरे अपेक्षेप्रमाणे होती. तो लालची आहे, त्याला कारखाना बंद पाडायचा आहे, त्याला मुले आवडत नाहीत. पण चार-पाच वह्यांमध्ये एकच वाक्य होते, “क्योंकि वो टेढ़ा है.”

त्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे एक पाऊल जन्मापासून आत वळलेले. लहानपणी प्लास्टर झाले, शस्त्रक्रियाही झाली, तरी चालीत फरक राहिला तो राहिलाच. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावरून आवाज आला, “ए क्रूकेडमन, बॉल फेंक!” त्याने बॉल फेकला. तो हसलाही. आम्ही व्हरांड्यात उभे राहून ते ऐकले. ते नाव त्या मुलांना आम्हीच आणून दिले होते, याची जाणीव आम्हाला त्या क्षणी झाली.

सुरुवातीला आम्हाला वाटले, दोष मूळ बालगीताचा असेल. म्हणून ते गीत पुन्हा काढून वाचले. इंग्रज संग्राहक जेम्स ऑर्चर्ड हॅलिवेल याच्या संग्रहात ते १८४०च्या दशकात छापले गेले. गीतातली हकिगत अगदी छोटी आहे. एक वाकडा माणूस वाकड्या वाटेने मैलभर चालतो. कुंपणापाशी त्याला सहा पेन्सचे एक वाकडे नाणे सापडते. त्यातून तो एक वाकडी मांजर विकत घेतो, मांजर एक वाकडा उंदीर पकडते, आणि पुढे सगळे मिळून एका लहानशा वाकड्या घरात राहतात. गीत इथे संपते.

यात दुष्टपणा कुठे आहे? त्याने कोणाला लुबाडले नाही, कोणाचे घर बळकावले नाही. तो कंजूष असता तर सापडलेले नाणे गाठीला बांधले असते. त्याने ते मांजरीवर खर्च केले. आणि शेवट तर असा की मांजर आणि उंदीर एका छताखाली नांदतात. ज्याच्या घरात मांजर आणि उंदीर एकत्र राहू शकतात त्या माणसाला खरे म्हणजे गावाने शेजारधर्म शिकवायला बोलावले पाहिजे. आपण वर्षानुवर्षे परिसंवाद घेऊन जे साधू शकलो नाही ते या वाकड्या माणसाने एका खोलीच्या घरात साधले आहे. गीतात वाकडेपणा हा त्याच्या जगाचा आकार आहे, गुन्हा नाही. सगळेच वाकडे असल्यामुळे कोणीच वेगळा पडत नाही.

मग हा माणूस खलनायक झाला कसा? त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. ‘बेब्ज इन टॉयलँड’ ही मुळात रंगमंचावरची संगीतिका. संगीत व्हिक्टर हर्बर्ट यांचे, लेखन ग्लेन मॅकडोनो यांचे. १९०३ मध्ये ती प्रथम शिकागोत आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सादर झाली. तिच्यातला बार्नाबी हा पुतण्या-पुतणीच्या वारशावर टपलेला धनलोभी काका आहे. म्हणजे त्याचा दुष्टपणा त्याच्या कृतीत आहे. १९३४ मध्ये लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीला घेऊन चित्रपट निघाला. त्यात बार्नाबी सावकार आहे. बुटात राहणाऱ्या म्हातारीचे घर त्याच्याकडे गहाण आहे आणि त्या जोरावर त्याला बो-पीपशी लग्न करायचे आहे. ही भूमिका हेन्री ब्रँडन या नटाने केली. काठी टेकत वाकून चालणारा हा म्हातारा पडद्यावर आणणाऱ्या नटाचे वय तेव्हा होते अवघे २२. म्हणजे त्या पाठीचा बाक कपड्यांसारखाच अंगावर चढवलेला होता. १९६१ मध्ये डिस्नेने पुन्हा चित्रपट काढला आणि बार्नाबीचे काम रे बोल्जरला दिले. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ मधला सर्वांचा लाडका बुजगावणा तो हाच. आणि १९९७च्या अ‍ॅनिमेशनपटात क्रिस्टोफर प्लमर यांच्या भारदस्त आवाजात बोलणारा बार्नाबी येतो तेव्हा ‘वाकडा माणूस’ हे त्याचे आडनावच झालेले असते. लोभी काका आणि बालगीतातला निरुपद्रवी वाकडा माणूस या दोघांचा मिळून एक माणूस झाला. लोभ पहिल्याचा होता. बदनामी दुसऱ्याच्या वाट्याला आली.

चित्राची ताकद किती असते याचे उदाहरण याच चित्रपटात आहे. हम्प्टी डम्प्टी म्हणजे अंडे, हे आज प्रत्येक मुलाला माहीत आहे. पण गीतात तो अंडे असल्याचा उल्लेखच नाही. ते मुळात एक कोडे होते आणि अंडे हे त्याचे उत्तर. १८७१ मध्ये लुईस कॅरल यांच्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या पुस्तकात जॉन टेनियल यांनी भिंतीवर बसलेले अंडे काढले, आणि तेव्हापासून कोड्याचे कोडेपण संपत गेले. उत्तर चित्रातच दिसत असेल तर विचार करायचा कशाला? वाकड्या माणसाचेही तेच झाले. हा माणूस चांगला की वाईट, हेही एक कोडेच असते. ते त्याच्या वागण्यावरून हळूहळू सोडवायचे असते. चित्रकाराने पाठीला बाक दिला, नाक लांब केले, हाती काठी दिली की उत्तर आधीच हातात येते आणि मुलाला विचार करण्याचे कारण राहत नाही.

तरी सगळा दोष चित्रकाराला देऊन चालणार नाही. भाषेने त्याचे काम आधीच अर्धे करून ठेवलेले असते. इंग्रजीत ‘क्रूक’ म्हणजे आकडा, वाक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ भामटा असा झाला. मराठी तरी कुठे मागे आहे? आपण वाकड्यात शिरतो, वाकड्या नजरेने बघतो, कोणाचे पाऊल वाकडे पडले म्हणतो. उलट भला माणूस सरळमार्गी, नाकासमोर चालणारा. उर्दूतही ‘सीधा आदमी’ म्हणजे भला आणि ‘टेढ़ा आदमी’ म्हणजे ज्याच्यापासून जपून राहावे असा. त्या मुलांनी वहीत लिहिलेले वाक्य भाषेच्या दृष्टीने चुकीचे नव्हतेच. ‘वो टेढ़ा है’ याचा अर्थ तो लबाड आहे असाही होतो. मुलांनी यातला कोणता अर्थ मनात धरून लिहिले, हे आम्ही विचारले तेव्हा त्यांनाही सांगता आले नाही. दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळले होते.

आणि आपण मुसलमान दिवसातून पाच वेळा नमाजच्या प्रत्येक रकातीत काय मागतो? सरळ वाट. सूरह फातिहाचा गाभाच तो आहे. सूरह कहफच्या आरंभी कुरआनची थोरवी सांगताना त्यात कसलाही वाकडेपणा ठेवलेला नाही असे म्हटले आहे. म्हणजे सरळ आणि वाकडे ही नीतीची मोजपट्टी आपल्या धर्मभाषेच्याही मुळाशी आहे. तिच्यापासून पळ काढता येणार नाही आणि काढायची गरजही नाही. पण नीट पाहिले तर सरळ हे विशेषण कुठे लागलेले आहे? वाटेला. चालणाऱ्याच्या पायाला नव्हे. सरळ वाटेवर लंगडत चालता येते, काठी टेकत चालता येते, कोणाच्या खांद्यावर हात ठेवूनही चालता येते. आणि सुदृढ पायांनी ऐटीत वाकड्या वाटेने जाणारे तर आपण रोज पाहतो. वाटेचे विशेषण पायाला चिकटवणे ही आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक आहे. ती आधी विचारातली चूक आहे आणि मग नीतीतली.

ही चूक होऊ नये यासाठी आपल्या परंपरेने फार स्पष्ट दाखले ठेवले आहेत. सूरह अबसचा प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी काही विचारायला आले. बोलण्यात खंड पडला म्हणून प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्यावर अल्लाहकडून समज आली. या प्रसंगातली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. ज्याच्यासाठी ही समज आली त्या माणसाला ती आठी दिसलीच नव्हती. तो अंध होता. त्याच्या दृष्टीने काही घडलेच नव्हते. तरीही त्या आठीची नोंद झाली आणि ती कायमची पठणात राहिली. समोरच्याला कळले नाही, तो हसला, त्याने मनावर घेतले नाही, ही सबब तिथे चालली नाही. पुढे याच सहाबींना मदिनेत अजान देण्याचा मान मिळाला आणि प्रेषित मोहिमेवर गेले असता अनेकदा शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली.

हजरत अम्र इब्ने जमूह (रजि.) पायाने अधू होते. उहुदच्या वेळी मुलांनी त्यांना घरी थांबायला सांगितले. अधू माणसावर सक्ती नाही, हे कुरआनातही आले आहे. पण याच लंगड्या पायाने जन्नतमध्ये चालायचे आहे असे म्हणून ते निघाले आणि शहीद झाले. त्यांनी पाय लपवला नाही आणि पायाची लाजही बाळगली नाही.

हदीसच्या अभ्यासकांकडे पाहिले तर आणखी मोठा धडा मिळतो. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या असंख्य हदीसांच्या साखळीत ‘अल-आरज’ हे नाव येते. आरज म्हणजे लंगडा. त्यांचे मूळ नाव अब्दुर्रहमान इब्ने हुर्मुझ. कूफ्याचे थोर मुहद्दिस सुलैमान इब्ने मेहरान ‘अल-आमश’ या नावाने ओळखले जातात. आमश म्हणजे ज्याचे डोळे अधू आहेत तो. हदीसशास्त्राने माणसे पारखण्याची जी कसोटी तयार केली ती जगातल्या अत्यंत कठोर कसोट्यांपैकी एक आहे. हा माणूस खरे बोलतो का, याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला हा खरोखर भेटला होता का, हे सगळे तपासले गेले. चाल तपासली गेली नाही. ‘लंगडा’ हे नाव लावलेल्या माणसाचा शब्द उम्मतने विश्वासाने पुढच्या पिढ्यांकडे दिला.

इथे एखादा विचारेल, मग त्यांना लंगडा, अधू डोळ्यांचा अशी नावे कशी चालली? सूरह हुजुरातमध्ये तर एकमेकांची थट्टा करू नका, वाईट टोपणनावे ठेवू नका, असा हुकूम आहे. हा प्रश्न जुन्या विद्वानांनाही पडला होता. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’ मध्ये त्याचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की एखादा माणूस अशाच नावाने ओळखला जात असेल तर ओळख पटवण्यापुरते ते नाव घेता येईल. कमीपणा दाखवण्यासाठी घेतले तर ते हराम, आणि दुसऱ्या नावाने ओळख पटत असेल तर ते दुसरे नाव घेणे अधिक चांगले. शब्द तोच असला तरी तो ओळख म्हणून येतो की हिणवण्यासाठी, यावर सगळे ठरते. मैदानावर त्या मुलाला हाक मारताना त्याचे खरे नाव सगळ्यांना माहीत होते.

आता थोडे आपल्या स्वतःकडे वळू. कारण हा लेख केवळ एका अमेरिकन चित्रपटाची तक्रार करण्यासाठी लिहायचा असता तर लिहिलाच नसता.

पडद्यावरच्या चेहऱ्याबद्दल आपल्या समाजाची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. हिंदी चित्रपटात दाढी, टोपी आणि सुरमा एकत्र आले की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. १९९२ साली डिस्नेचा ‘अलादीन’ आला. तोही अ‍ॅनिमेशनपट, तोही संगीतमय. त्यातले नायक-नायिका अमेरिकन उच्चारात बोलतात आणि दुष्ट पात्रांच्या तोंडी परके उच्चार घातले आहेत. सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशाचे जे वर्णन होते त्यावर अमेरिकेतल्या अरब संघटनेने आक्षेप घेतला आणि १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत त्यातला काही भाग बदलावा लागला. जॅक शाहीन या अभ्यासकाने नऊशेहून अधिक चित्रपट तपासून २००१ मध्ये ‘रील बॅड अरब्ज’ हे पुस्तक लिहिले आणि हॉलिवूडने अरब माणसाला कसे रंगवले याचा हिशेब मांडला. आपण अशा लेखनाचे स्वागत करतो आणि ते योग्यच आहे. आपली मागणी एवढीच असते की आमचे तोंड पाहून नव्हे, काम पाहून आम्हाला ओळखा.

पण हीच मागणी पायाने अधू असलेल्या माणसाने आपल्यापुढे ठेवली तर? आपल्या मोहल्ल्यात हाका कशा मारल्या जातात ते आठवून पाहा. लंगडा, बहिरा, हकला, टकला. एका डोळ्याने अधू असलेल्या माणसाला रागाच्या भरात ‘काना दज्जाल’ म्हणणारी माणसे आम्ही लहानपणापासून ऐकली आहेत, आणि त्यांत नमाज न चुकवणारेही होते. हदीसमध्ये दज्जाल एका डोळ्याने काणा असल्याचे वर्णन आहे. ते एका विशिष्ट फसव्याची ओळख पटवण्यासाठी आहे. त्यावरून डोळा गमावलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला, शिंप्याला आपण दज्जालच्या रांगेत उभे करतो, तेव्हा टॉयलँडच्या चित्रकाराने जे केले तेच आपण करत असतो. त्याने निदान कल्पनेतल्या माणसाला केले, आपण शेजाऱ्याला करतो. दाढीवरून झालेला अन्याय आपल्याला दुरून दिसतो आणि पायावरून झालेला अन्याय घरात असून दिसत नाही, तेव्हा आपली तक्रार न्यायाची आहे की फक्त आपल्यापुरती आहे, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर देणार?

आमचे एक सहकारी आहेत. हे सगळे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, मुलांच्या गोष्टीला खुणा लागतातच. लांडगा दात दाखवणार, चेटकीण कुबडी असणार. सगळे चाळणीतून काढायला बसलात तर गोष्ट उरेल का?” हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. मुलाला सुरुवातीला ठळक रेषाच दिसतात. चांगले आणि वाईट यांत फरक आहे, हे आधी कळावे लागते; तो फरक कधीकधी बारीक असतो हे नंतर. शिवाय आज हा चित्रपट बंद केला तर उद्या दुसरा येईल. मुलांना आम्ही कशाकशापासून लपवणार?

यावर आमचे उत्तर एवढेच की खूण हवी तर ती कृतीची द्यावी. बार्नाबीचा लोभ दाखवायला त्याच्या तिजोरीवरचा हात पुरेसा आहे. पाठीच्या बाकाची गरज नाही. लांडग्याचे दात हे लांडग्याच्या कामाचे हत्यार आहे, त्याने तो खरोखर खातो. कुबड कोणाला खात नाही. हा फरक करणे अशक्य नाही, आणि आता तो जगभर केला जाऊ लागला आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केले की चेहऱ्यावरचे व्रण हीच ज्यांच्या खलनायकाची खूण आहे अशा चित्रपटांना यापुढे पैसा देणार नाही. आपल्याकडे ‘आंख मिचोली’ या चित्रपटासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल देताना, अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि अपंग माणसाला हिणवणारा विनोद यांत भेद केला आणि चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इमाम नववींनी टोपणनावांबद्दल केलेला भेद आणि हा भेद यांत फार अंतर आहे असे आम्हाला वाटत नाही.

तरी कायदा आणि मार्गदर्शक तत्त्वे यांच्या पलीकडे एक गोष्ट उरते. आपल्याकडे अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क असे दोन हिशेब मानले आहेत. नमाज-रोजात चूक झाली तर तौबा थेट अल्लाहकडे. पण माणसाचे मन दुखावले असेल, त्याचा हक्क मारला असेल, तर आधी त्याच माणसाकडे जावे लागते. तो माफ करील तेव्हा ते खाते मिटते. चित्रपट काढणारे त्या मुलाला ओळखत नाहीत. त्याच्यापर्यंत तो आम्ही आणला. त्यामुळे हे खाते आमच्या नावावर होते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. वर्गात ते मूळ बालगीत वाचले, उर्दूत समजावले, आणि फळ्यावर नवा प्रश्न लिहिला, “इस आदमी ने क्या बुरा किया?” मुले बराच वेळ शोधत राहिली. शेवटी एकाने उंदीर पकडल्याचा मुद्दा काढला. दुसऱ्याने सांगितले, तो मांजरीने पकडला. मग बार्नाबीच्या कामांची वेगळी यादी केली. ती लांब झाली, पण तिच्यात पाठ कुठे आली नाही.

दुसरी गोष्ट शाळा सुटल्यावर केली. त्या मुलाला बाजूला घेतले आणि सांगितले की ते नाव आमच्यामुळे आले, आमचे चुकले, माफ कर. तो अवघडला. शिक्षकाने माफी मागावी ही त्याच्या दृष्टीने फारच विचित्र गोष्ट होती. “कुछ नहीं,” एवढे म्हणून तो दप्तर सावरत निघाला. फाटकापाशी जाऊन परत आला आणि विचारले, “वो सिपाहियों वाला फिर कब दिखाएंगे?”

खेळण्यातले शिपाई कवायत करत गावाच्या बचावासाठी निघतात, तो भाग त्याला फार आवडला होता. आम्ही एवढा विचार करत बसलो होतो, पण त्याला त्या चित्रपटात काय आवडले हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. पुढच्या शनिवारी आम्ही तो चित्रपट पुन्हा लावला. या वेळी आधी गीत म्हटले, मग चित्रपट पाहिला. शिपायांची कवायत सुरू झाली तेव्हा तो पहिल्या रांगेत होता आणि दोन्ही पायांनी ताल धरत होता. मैदानावरचे ते नाव कमी झाले आहे. पूर्ण गेले असे म्हणवत नाही. मागच्या आठवड्यात एकदा ऐकू आले. हाक मारणाऱ्या मुलाला आम्ही जवळ बोलावले आणि त्याला फक्त त्या मुलाचे खरे नाव विचारले.